उजेडात धरायची पांढरी ताटली

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.

देण्याआधी आले काय ते लिहिते, म्हणजे मागाहून कोणी "अजून एक होतं" असे म्हणायला नको. पायाचे शिवणयंत्र, जुने, पापडीच्या बाजारातून, रु. ३५०, रोख. लोखंडी कपाट, रु. ६१०, हमाली धरून. विहिरीवरचा पंप, रु. २,७००, दुरुस्त्या वेगळ्या. सोन्याच्या बांगड्यांचा जोड, माहेरून, किंमत वडिलांना ठाऊक. पोस्टातली ठेव, आकडा पासबुकात. राहते घर व मागची वाडी, दिवंगत पती पास्कोल यांच्याकडून. आणि पांढरी चिनी मातीची ताटली, एक नग, घराच्या वाटणीत आली. खर्च काही नाही.

मी, क्लेमेंटीन पास्कोल तुस्कानो, वय एकाहत्तर, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक, राहणार निर्मळ, तालुका वसई, जिल्हा ठाणे, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. मला साखर आहे, पण विसर नाही. हे लिहायला मला कोणी दटावलेले नाही आणि गोड बोलून वळवलेलेही नाही. मुलगा जॉन दोन दिवस फार गोड बोलत होता, त्याची हकीकत चौथ्या कलमात येईल. वकिलांनी आधी एका पानाचा मसुदा करून दिला होता. त्यात त्यांनी ताटलीला "भांडीकुंडी इत्यादी" म्हटले होते. तो मसुदा मी परत केला आणि हा स्वतः लिहायला बसले. आधीचे कोणतेही मृत्युपत्र नाही, म्हणून रद्द करण्यासारखेही काही नाही.

कलम एक. घर व वाडी, कपाट आणि पंपासकट, मुलगा जॉन याची. केळी आणि मोगरा त्याने राखावा. विहीर बुजवू नये. नायगावला उठले तसे टॉवर इथे उठवायला कोणी कागद घेऊन आले, तर त्यांना चहा द्यावा, सही देऊ नये. ओसरीवरची खुर्ची त्याच्या वडिलांची आहे. तीत बसावे, पण पाय हँडलवर टाकू नयेत. त्यांनी कधी टाकले नाहीत.

कलम दोन. मुलगी फेलिशिया हिला शिवणयंत्र, बांगड्या आणि पोस्टातल्या ठेवीतली अर्धी रक्कम. उरलेली अर्धी जॉनची. शिवणयंत्रावर ओले कपडे वाळत घालू नयेत. तिने आधी घातले आहेत, म्हणून लिहिते.

कलम तीन. माझी शवपेटी साध्या लाकडाची असावी. फुले वाडीतलीच घ्यावीत, विकतची नकोत. महिन्याची मिस्सा, म्हणजे माझ्या नावाची देवळातली प्रार्थना, द्यावी, जेवण मात्र साधे ठेवावे. जे लोक माझ्या हातचे जेवून कधी चांगले बोलले नाहीत, त्यांना त्या दिवशी चांगले बोलायला लावू नये.

शेजारी शत्रुघ्न पाटील यांना लिंबाच्या लोणच्याची मोठी बरणी द्यावी असे माझ्या मनात होते. परंतु ते या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे वकिलांनी सांगितले. मी शत्रुघ्नभाऊंना विचारले, "सही हवी की लोणचं?" ते म्हणाले, "वहिनी, सही करतो. लोणचं तुम्ही जिवंत असतानाच द्या." बरणी मी त्याच संध्याकाळी पोचवली. मरेपर्यंत थांबायचे नसेल तर देणे किती सोपे असते, हे माझ्या त्या दिवशी ध्यानात आले. त्यातूनच चौथे कलम निघाले.

कलम चार. पांढरी ताटली माझी थोरली जाऊ रेजिना इनास तुस्कानो, हल्ली मुक्काम नायगाव, तिचा मुलगा जॉयल याच्याकडे, हिला मिळावी. रेजिनाबायच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. एक डोळा गेला. दुसऱ्याने तिला मच्छरदाणीतून बघितल्यासारखे दिसते, आणि तेही फार दिवस दिसणार नाही, असे जॉयल सांगतो. म्हणून हे कलम माझ्या मरणाची वाट बघू शकत नाही. त्यामागची हकीकत सगळ्यांना माहीत असावी, म्हणून खाली देते.

सासूबाई लिडिया यांच्याकडे सात जुन्या चिनी ताटल्या होत्या. कोणी म्हणे वसईच्या किल्ल्यातल्या फिरंग्यांकडून आल्या, कोणी म्हणे आमच्या घरातला कोणी गलबतावर स्वयंपाकी होता, त्याने आणल्या. खरे कोणाला ठाऊक नाही. सहा निळ्या चित्रांच्या होत्या, हरणे, डोंगर, फुलांची कुंडी. एक पांढरी, कोरी. घर वाटले तेव्हा सासूबाईंनी सहाही निळ्या रेजिनाबायला दिल्या, कारण ती मोठ्या घरची होती, आणि पांढरी माझ्या पुढे सरकवली. त्या वेळी स्वयंपाकघरात आम्ही तिघीच होतो. रेजिनाबाय हसली. आमच्या बोलीत म्हणाली ते शुद्ध करून लिहिते: "तुला बरी आहे गो. धुवायला सोपी. चित्र झिजायची भीती नाही."

त्या दिवसापासून मिस्सेत एकमेकींना शांती द्यायची वेळ आली, की मी डाव्या बाजूच्या बाईकडे वळत असे. रेजिनाबाय उजवीकडे बसते हे पाहूनच मी जागा धरत असे.

ताटली मी वापरली. आमच्या घरात वस्तू नुसती ठेवायची पद्धत नाही. ती उसळीच्या पातेल्यावर बेतून केल्यासारखी बसे. झाकण नसेल तेव्हा तिच्यात निवडलेले तांदूळ असत, नाहीतर चिंच, नाहीतर वाळत घातलेली मिरची. राख आणि काथ्याने घासायची, पालथी घालायची, पुन्हा भरायची.

तीन वर्षांमागे आमच्या धर्मग्रामाने चर्चच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवले. मुंबईहून बेला मॅडम आल्या होत्या. त्यांचे काम म्हणजे जुनी चिनी मातीची भांडी गोळा करणे आणि दुसऱ्यांची पारखून देणे. रेजिनाबायने सहाही ताटल्या टॉवेलात गुंडाळून आणल्या. मी काही नेले नव्हते. मी स्वयंसेवकांसाठी उसळ नेली होती.

पारख कशी करतात ते मी प्रथमच पाहत होते, म्हणून पातेले खाली ठेवून उभी राहिले. मॅडमनी वरचे चित्र नंतर पाहिले. आधी ताटली पालथी केली. खालच्या कड्यावरून नख फिरवले. तिथे वाळूचे कण चिकटलेले होते, भट्टीतले. "हे बघा," त्या म्हणाल्या, "भाजताना ही ज्या वाळूवर ठेवली होती, ती वाळू." चीनमधल्या कुठल्या गावची वाळू, इतक्या वर्षांची, आमच्या हॉलमध्ये! मी क्रुसाची खूण केली. मग त्यांनी ताटली बोटांच्या टोकांवर तोलून कडेला नखाने हलकेच टिचकी मारली आणि कान दिला. मिस्सेत अर्पणाच्या वेळी लहान घंटा वाजते ना, तसा बारीक आवाज निघाला, आणि थांबला असे वाटल्यावरही थोडा उरला.

चार ताटल्या खूप जुन्या निघाल्या. हरणांच्या दोन मात्र नंतर कधीतरी नक्कल करून बनवलेल्या. मॅडमनी अगदी हळू सांगितले, पण हॉल लहान आहे. रेजिनाबाय म्हणाली, "माझ्या सासूला नक्कल ठेवायची गरज नव्हती," आणि सगळ्या ताटल्या टॉवेलात भरून निघून गेली. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. उसळ गार होईपर्यंत टिकला.

तेवढ्यात मॅडम वळल्या आणि म्हणाल्या, "हे झाकण कोणाचं?"

मी म्हटले, "माझं. जेवून घ्या."

त्यांनी ताटली दोन्ही हातांनी उचलली. वाफ पुसली, रुमालाने, स्वतःच्या. पालथी केली, नख फिरवले, टिचकी मारली. मग पूर्वेच्या खिडकीशी गेल्या आणि ताटली उन्हात धरली. "या इकडे," एवढेच म्हणाल्या.

आधी मला त्यांची बोटे दिसली, ताटलीच्या आरपार. मेणबत्तीपुढे धरलेल्या हाताची कड कशी लाल दिसते, तशी. आणि बोटांच्या मधून एक वेल वर आली. देठ, पाने, उमललेली फुले, काठाकाठाने फिरून पुन्हा पहिल्या फुलाला मिळालेली. कोऱ्या ताटलीत. मी आधी द्राक्षवेल समजले. मॅडम म्हणाल्या, "कमळं आहेत." खरेच कमळे होती, मी लहानपणी तळ्यात पाहिली तशी. त्यांनी ताटली जराशी खाली केली, वेल गेली. वर केली, आली.

"ओल्या मातीतच कोरतात आणि वर पांढरी झिलई देतात," त्यांनी सांगितले. "टेबलावर ठेवली की दिसतच नाही. तुमच्या घरी हिला कधी कोणी उजेडात धरलं नाही?"

मी म्हटले, "धरायला ती रिकामी कधी होती?"

त्या हसल्या नाहीत. चारशे वर्षांपेक्षा जुनी असावी, नक्की किती ते आणखी एक-दोन जाणत्यांनी हातात घेतल्याशिवाय बोलणार नाही, असे म्हणाल्या. किंमत सांगू लागल्या तेव्हा मी कानांवर हात ठेवले. मी हिशोब लिहिणारी बाई. आकडा एकदा कानात गेला असता, तर उजेडात मला वेलीऐवजी तोच दिसत राहिला असता.

कोणी माणूस, त्याचे नाव नाही, गाव नाही, दिवसचे दिवस बसून अशी फुले कोरतो, जी जेवणाऱ्याला दिसणार नाहीत, मालकाला दिसतील न दिसतील. मग कोणासाठी कोरली? मी हे फादरना विचारले. ते म्हणाले, "क्लेमेंटीनबाय, तुम्ही काय समजलात ते मला कळलं." तेव्हापासून ताटली घरातल्या आल्तारावर, क्रुसापुढे असते, रिकामी. या घरातली एवढी एकच वस्तू मी रिकामी ठेवली आहे. रविवारी मिस्सेहून आले की दारात उभी राहून तिला उन्हात धरते. दर वेळी वाटते की आज नसेल. दर वेळी असते. माझे गुडघे आता नीट वाकत नाहीत, नाहीतर टेकले असते.

आता जॉनची हकीकत. तो म्हणाला, "आई, ताटली विकली तर घरावर एक मजला चढेल."

"त्यावर कोण राहणार?"

"भाडेकरू."

"भाडेकरूंसाठी ताटली विकू?"

"आणि तू देतेस कोणाला, तर रेजिनाकाकीला! तू तिच्याशी धड बोलत नाहीस. तिला दिसत नाही."

"अजून थोडं दिसतं. म्हणून तर घाई."

तो म्हणाला की मी हे जिंकल्याचे दाखवायला करते. थोडे तसेही असेल, मी ख्रिस्ती आहे, संत नाही. पण खरे कारण असे. आता या ताटलीकडे बघून लोक म्हणतात, वा, काय चित्र आहे. ती कोरी म्हणून दिली गेली, हे कोणालाच ठाऊक नाही. ज्यांनी ते पाहिले त्या आम्ही तिघी. सासूबाई गेल्या. उरलो दोघी. रेजिनाबायने पाहिल्याशिवाय माझे एकटीचे पाहणे पुरे होत नाही. मला जे दिसले ते किती मोठे आहे, हे फक्त तिलाच कळेल.

ताटली घेणाऱ्याने पाळायचे नियम: राख, काथ्या लावू नये. भिंतीवर टांगायला तारेत अडकवू नये. कड धरून उचलू नये, खालून दोन्ही हातांनी उचलावी. विकू नये. रेजिनाबायच्या पश्चात कोणाला द्यायची ते तिने ठरवावे, मात्र देताना त्या माणसाला ती आधी उजेडात दाखवावी.

वकील म्हणाले, "बाई, जिवंतपणी द्यायचं तर ते बक्षीसपत्र झालं, मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटले, बसत नसेल तर उभे राहू दे. मी आधी गेले तर हे कलम मृत्युपत्र समजावे. नाही गेले तर आमंत्रण.

वरील सर्व मी वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली, ती दोघांच्या डोळ्यांदेखत.

सही: क्लेमेंटीन पास्कोल तुस्कानो

साक्षीदार:
१. शत्रुघ्न पाटील, शेजारी (लोणचे आधीच मिळाले)
२. सेलिन डिमेलो, निवृत्त शिक्षिका, निर्मळ

स्थळ: निर्मळ. दिनांक २ फेब्रुवारी २००४, मेणबत्त्या आशीर्वादित करण्याचा सण.

प्रत: श्रीमती रेजिना इनास तुस्कानो, नायगाव, यांस टपालाने.

रेजिनाबाय, जॉयल हे तुम्हाला वाचून दाखवील. फोन करत नाही, कारण फोनवर आपले भांडण होते. तुमच्या निळ्या चार खऱ्या आहेत, त्या मी सासूबाईंच्या हातात पाहिल्या आहेत, आणि नकलेच्या दोनही तेवढ्याच देखण्या आहेत. तुम्ही म्हणाला होतात, चित्र झिजायची भीती नाही. खरेच झिजले नाही. मी इतकी वर्षे राखेने घासली तरी.

ईस्टरच्या आत या. सकाळी या, तेव्हा ऊन दारातून थेट आल्तारापर्यंत येते. ताटली मी धुऊन ठेवीन, तुम्ही हात खाली धरा, मी तुमच्या हातांखाली धरीन. मच्छरदाणीतूनही दिसेल, मी डोळे अर्धे मिटून पाहून घेतले आहे. नंतर मिस्सेला बरोबर जाऊ, आणि मी उजवीकडे वळेन.

सोबत पोस्टकार्ड आहे, पत्ता मी घातला आहे, ते वाया घालवू नका. फक्त दिवस लिहा आणि उलट टपाली कळवा.