श्रावणातले बांगडे

बाबा, आज मी तुम्हाला वर्गात दाखवलं. लोअर परळला जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका इमारतीत मी मुलांना सिनेमा शिकवते. आजचा विषय होता, शब्दांवाचून नुसत्या चित्रातून विनोद कसा घडतो. उदाहरणं पुष्कळ होती, तरी मी आपलीच छोटी फिल्म लावली, शिकत असताना लालबागच्या आपल्या चाळीत केलेली. श्रावणात एक गृहस्थ पिशवीतून चोरून बांगडे घरी नेतो आणि चाळभरची मांजरं त्याच्या मागे लागतात, एवढीच गोष्ट. गृहस्थ तुम्ही.

शॉट थांबवून थांबवून मी समजावलं. कॅमेरा गॅलरीच्या टोकाला, लांब ठेवलाय, म्हणून पुढे तुम्ही आणि मागे मांजरं एकाच चौकटीत येतात. आपल्याला मांजरं दिसतात, तुम्हाला नाही. सगळी गंमत तिथे आहे. आधी एक, मग तीन, मग कठड्यावरून उतरणारा तो लंगडा बोका, आणि तुमचा चेहरा मात्र आरतीला निघाल्यासारखा. मुलं पोट धरून हसत होती.

त्यांना एक गोष्ट सांगितली नाही. कॉलेजचा कॅमेरा मिळाला तोच नेमका श्रावणात. पिशवीत बांगड्यांऐवजी ओला फडका कोंबला होता, आणि मांजरं ढुंकून बघेनात. मी रडकुंडीला आले. तुम्ही मुकाट्याने बाजारात जाऊन खरे बांगडे घेऊन आलात. जन्मभर श्रावण पाळणारा माणूस! आई दारातच आडवी आली, "अहो, श्रावणात? लेकीच्या नाटकांपायी? देवाक काय सांगतलात?" तुम्ही म्हणालात, "सांगतलंय, खाऊक नाय, नुसतो घेवन चाललंय." त्यानंतर कित्येक दिवस आई तुमच्याशी धड बोलली नाही.

फिल्म संपली तशी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, लास्ट शॉट एकदम कट का होतो? ते दारात पोचतात, वळायला लागतात आणि खल्लास. अजून थोडं हवं होतं." मी म्हटलं, पात्राला काही कळायच्या आत शॉट तोडावा, हसू टिकतं. उत्तर बरोबरच होतं, पण अर्धं.

त्या शॉटमध्ये पुढे तुम्ही वळून थेट कॅमेऱ्यात बघितलंत. गिरणीत साचेखात्यातल्या मागांच्या खडखडाटात तुम्ही कामगार हातांनीच बोलायचात, आणि ती सवय घरीही आली होती. पाची बोटं जुळवून तुम्ही ओठांशी नेलीत, भुवया उंचावल्यात. जेवलीस का? मी सकाळपासून उपाशी होते, आणि ते तुमच्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी ओरडले, "बाबा, कॅमेऱ्यात नाही बघायचं!" पुन्हा शॉट घ्यायला बांगडे उरले नव्हते, पिशवी खाली ठेवताच मांजरांनी फडशा पाडला होता. मग संकलन करताना तेवढा तुकडा मी कापला. आजही कापीन. पात्राने असं आपल्याकडे बघितलं की गोष्ट मोडते.

तुकडा मात्र जपून ठेवलाय. बाकी फिल्मभर तुम्ही पिशवी सांभाळताय. माझ्याकडे बघता ते तेवढ्यातच. उद्या तो त्या मुलीला दाखवावा असं वर्ग सुटल्यापासून वाटत होतं. आता वाटतं, नको. त्यात शिकवण्यासारखं काही नाही, आणि प्रश्न मला एकटीला विचारलेला आहे. त्या दिवशी मी त्याचं उत्तरही दिलं नाही, नुसती खेकसले.

दुपार टळून गेली आहे. वर्ग रिकामा, डबा पिशवीत तसाच. तुकडा पुन्हा लावलाय. तुम्ही वळता, बोटं ओठांशी नेता, आणि केस पिकलेली मी पडद्यासमोर उभी राहून मान हलवते. नाही बाबा, अजून नाही जेवले.