शंभरातले चौपन्न

धर्माबाद,
ता. १९ फेब्रुवारी

शिवगंगाअक्काला धाकट्या सुकन्याचा शरणु शरणार्थी. आमी हिकडं बरे हाव. हंगाम जोरात हाय, मिरचीची पोत्यावर पोती येऊन राहिलीत. ऊन आत्ताच तापलं. रेणापूरला नळाला पाणी किती दिवसाला येतंय?

दाजी तिखटाची मिरची घ्यायला आलेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. फोनवर बोलले असते, पण हिकडं घरात सासूबाई असत्यात. अन् मागून अंबीचा आवाज आला की मला बोलणं होत न्हाई.

तिला तुझ्याकडं सोडून म्हैना झाला. तवा तू दारातच म्हणालीस, "दीड वर्षाचं लेकरू मिरच्यांपायी टाकून चाललीस, लाज वाटती का?" मी म्हणाले, "हाव, हंगाम हाय."

ते खोटं होतं.

संक्रांतीच्या टायमाला आमच्या मिरची कांडपाच्या गिरणीत तपासणीचं शिबिर झालं. नळीत फुंकायचं. मी फुंकणीनं फुंकते तसं हळूहळू फुंकलं. तिथली पोरगी हसली, "ताई, चूल पेटवताव का? एकदम जोरात, सगळी हवा काढा." मग तीनदा जोरात फुंकलं. कागदावर आकडा आला, चौपन्न. "डॉक्टरला दाखवा," म्हणाली.

नागाबाई माझ्या शेजारी बसून देठ मोडती. तिनं कागद बघितला. "शंभरातले चौपन्न? अर्धं फुफ्फुस गेलं की गं बाई!"

खोकला दिवाळीपासून होताच. आपली आव्वा टीबीनं गेली तवा तू मला तिच्या खोलीच्या उंबऱ्याआत येऊ देत नव्हतीस. मला तेवढंच ठावं. कुणाला इचारलं न्हाई. दुसऱ्या दिवशी अंबीचं अंगावरचं तोडलं, चौथ्या दिवशी तुझ्याकडं आणली.

कागद ज्वारीच्या डब्यात ठेवला. मागच्या आठवड्यात ह्यांना सापडला. लई बोलले, अन् नांदेडला घेऊन गेले. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. टीबी न्हाई. डॉक्टरीणबाईनं पुन्हा फुंकायला लावलं, छप्पन्न. मग तोंडानं ओढायचा औषधाचा पंप दिला, पंधरा मिनिटं बाकड्यावर बसवलं, अन् पुन्हा फुंकलं. बहात्तर.

मी म्हणाले, "अर्धं गेलं ना?"

"गेलं न्हाई काही. तुझ्या वयाची, तुझ्या उंचीची धडधाकट बाई पहिल्या सेकंदात जेवढी हवा सोडती, तिच्या मानानं तुझी छप्पन्न. पंपानं वाढली म्हणजे छातीतल्या श्वासाच्या नळ्या आवळल्यात, त्या सुटतात. दमा हाय. मिरचीच्या खकाण्यानं वाढलाय. लेकराला लागायचा न्हाई. पाजत असलीस तर पाज."

मी हाव म्हणाले. दूध आटलं ते सांगितलं न्हाई.

कांडप सोडलं. पंप सकाळ-संध्याकाळ ओढते. जिना चढताना आता थांबावं लागत न्हाई.

रविवारी अंबीला न्यायला येते. परवा फोनवर तुला "माय" म्हणत होती, ऐकलं मी. आल्याबरोबर माझ्या हातात देऊ नको, रडंल. तुझ्याच मांडीवर असू दे. मी समोर बसते, हाक मारत न्हाई. तिचं तिला वाटंल तवा येईल.

तू बोललीस त्याचा राग न्हाई. फक्त ती मोठी झाल्यावर तिच्यापुढं मिरच्यांचं काढू नको.

अंबीची माय,
सुकन्या