जाड की बारीक

माय, येत्या शुक्रवारी माझा अल्बम बाहेर पडायचा आहे. अल्बम म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे भाऊच्या लग्नाचा तो मखमली पुठ्ठ्याचा अल्बम येईल, हे मला माहीत आहे. हा तसला नाही. हा गाण्यांचा आहे, नऊ गाणी आहेत, आणि गाणारं त्यात कोणीच नाही. सगळं मी एकटीनं संगणकावर केलेलं. एरवी पोटासाठी मी जे करते ते तुला समजलं असतं. बियाणांच्या जीपवर वाजतात त्या जाहिराती, दुकानाच्या उद्घाटनाला लागतं ते संगीत, नवरदेव घोड्यावर चढताना वाजतं ते. गिऱ्हाईक सांगतं तसं करायचं आणि मोकळं व्हायचं. या नऊ गाण्यांना मात्र गिऱ्हाईक नाही. कोणी करायला सांगितली नव्हती, कोणी वाट पाहत नाही, आणि तरी कित्येक वर्षं मी त्यांच्यामागे हात धुऊन लागले आहे. फसली तर बोट दाखवायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही.

बसते मी तुझ्याच गिरणीत. तू गेल्यावर भाऊनं मोटर आणि दगड विकले, पण चक्कीचा सिमेंटचा ओटा काही निघाला नाही, म्हणून मी त्यावरच स्पीकर ठेवले. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना बारदानं ठोकली आहेत. निम्म्या अमडापूरला वाटतं, मी आत बारदानाचा धंदा करते. खर्जातले आवाज मोठ्यानं लावले की पत्र्याखालच्या लाकडांतून अजून पीठ पडतं, माय. इतक्या वर्षांनी. कुठं दडून बसलेलं असतं कोण जाणे, कीबोर्डवर पांढरा थर धरतो आणि मी शिव्या घालत पुसते. तुझ्या पापण्यांवर असायचं तसंच दिसतं ते.

गाणी एकमेकांसारखी अजिबात नाहीत. एक नाचायचं आहे. एकात हलगी आहे आणि तिच्या मागून मशीनचा आवाज धावतो. एक जळगाव जामोदच्या स्टँडवर बसून टिपलेल्या गोंगाटाचं आहे, त्यात कंडक्टरची घंटी आहे, शेंगदाणेवाला आहे, बिघडलेला पंखा आहे. एकाला ठेकाच नाही, नुसती घरघर आहे, ती कुठून आली हे तुला सांगायला नको. आणि एक विहारातलं आहे. पौर्णिमेला तू पांढरं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसायचीस आणि वंदना म्हणताना सगळ्यांच्या अर्धा शब्द मागे असायचीस, कारण तू ऐकून नाही, भन्तेजींचे ओठ पाहून म्हणायचीस. ते तुझं मागे राहणं मी त्या गाण्यात घातलंय. एक सूर येतो आणि अर्ध्या श्वासानंतर तोच पुन्हा येतो, जरा हळू. करताना मला रडू आलं होतं आणि रडत रडतच मी तीन वेळा तो भाग बदलला, कारण पहिल्यांदा तो नीट बसला नव्हता.

पुण्याला माझा एक मित्र आहे. गाणी तयार झाली की त्यांच्यावर शेवटचा हात तो फिरवतो आणि मग ती इंटरनेटवर जातात. त्याचा फोन आला. म्हणाला, "नऊ गाणी नऊ जणांची वाटतात गं." मी म्हटलं, "गिरणीवर नऊ घरांची दळणं येतात, चक्की एकच असते." या उत्तरावर मी खूश झाले. पण फोन ठेवता ठेवता त्यानं आणखी एक विचारलं होतं, "वरचे आवाज एवढे टोचरे ठेवलेस ते मुद्दाम ना?" तो कशाबद्दल बोलतोय हे मला कळलंच नव्हतं. मी म्हटलं, "हो, मुद्दाम." आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, तो 'हो' माझा नव्हता. तो तुझा 'हाव' होता.

तुझा 'हाव' मला पाठ आहे. चक्कीनं तुझे कान कधी खाल्ले ते तुलाही कळलं नसेल. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी तू मान डोलवायचीस, "हाव" म्हणायचीस आणि बहुतेक वेळा ते खपून जायचं, कारण दळण घेऊन आलेलं माणूस बोलून बोलून काय बोलणार. पण एकदा एका शेतकऱ्यानं शेतातल्या पंगतीसाठी पोतंभर गहू आणला. गोवऱ्यांवर भाजायच्या रोडग्यांना पीठ जाड लागतं, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. त्यानं तरी सांगितलं, तू "हाव" म्हणालीस आणि पोळ्यांना दळावं तसं मऊसूत दळून दिलंस. तिसऱ्या दिवशी तो माणूस दारात उभा. चक्की बंद होती आणि तो एवढ्या मोठ्यानं ओरडत होता की तुलाही ऐकू गेलं.

"रोडगे नाही झाले माय, धोंडे झाले, धोंडे! जाड दळा म्हणून सांगलं होतं ना मी तुमाले?"

"बारीक सांगलं होतं तुमी."

"मी कायले बारीक सांगीन? वावरात पोया करायच्या होत्या काय मले?"

तू पदर कमरेला खोचलास. "आवाज कमी करा. मी काई बहिरी नाही."

दारात दळणाला आलेल्या पाच-सहा बाया होत्या. एकही हसली नाही, इतकं ते सगळ्यांना माहीत होतं. एकीनं तर आपला डबा उगाच दुसऱ्या कडेवर घेतला. संध्याकाळी भाकरी थापताना माझ्याकडे न पाहता तू म्हणालीस, "उद्यापासून शाळा सुटली का गिरणीत येत जाय. पोत्यावर बसत जाय." कशाला ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. आपल्या खुणा आपोआप ठरल्या. मूठ म्हणजे जाड. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं की बारीक. बाई येऊन मला सांगायची, तू चक्कीपाशी उभी राहून माझ्या हाताकडे बघायचीस आणि दगडांमधलं अंतर कमी-जास्त करायचं चाक फिरवायचीस. गावाच्या भाकरी माझ्या मुठीवर चालल्या आहेत, याचा मला काय ताठा होता! वर्गात बाई फळ्यावर लिहीत असल्या तरी माझं बोट अंगठ्यावर फिरत असायचं.

आणि मग ते माझं पहिलं गाणं. अकोल्याहून जुना कीबोर्ड आणला होता, एकच खोका होता स्पीकरचा. तू दुपारची चक्की थांबवून आलीस, कोपरापर्यंत पांढरी. मी गाणं लावलं. तू थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलंस, मग पुढं येऊन खोक्यावर तळहात ठेवलास आणि तशीच उभी राहिलीस. संपल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?" तू म्हणालीस, "हाव." पुण्यात खोली शोधत फिरले, काम मिळेना, लोक माझ्या बोलण्याला हसले, तेव्हा मी त्या 'हाव'वर दिवस काढले, माय. जो भेटेल त्याला सांगत आले की माझ्या आईला माझं पहिलं गाणं आवडलं होतं. आता मी स्वतः तसला 'हो' म्हणून बसलेय आणि त्याची किंमत मला कळली आहे. पण हात तू गाणं संपेपर्यंत काढला नव्हतास, तेवढं मी धरून आहे.

मित्राच्या फोननंतर मी भाऊच्या पोरीला बोलावलं. चिखलीला कॉलेजात जाते, तोंडानं फटकळ आहे, थेट तुझ्यावर गेली आहे. तिला नाचायचं गाणं लावून दिलं. अर्धं मिनिट झालं असेल, तिनं दोन्ही कानांवर हात दाबले.

"आत्या, बंद कर! दात आंबले माहे. काऊन एवढं टोचते हे?"

"कुठं टोचतंय?"

"कुठं म्हंजे? सगळीकडंच चिर्रर चिर्रर होऊन राह्यलं. तुले नाही ऐकू येत?"

मी म्हटलं, स्पीकर बिघडलाय. दुसऱ्या दिवशी भाऊलाही न सांगता बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरकडे गेले. एका काचेच्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन देतात, आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर बसलेला पोरगा आवाज सोडतो. सुरुवातीला येत होतं सगळं, मग येईनासं झालं. पण मी गिरणीवालीची पोरगी. मी पाहिलं, आवाज सोडताना त्याचा खांदा किंचित हलतो. खांदा हलला की मी बटण दाबायचे. कान तपासायला स्वतःच्या पायांनी गेलेली बाई तिथं बसून कॉपी करत होती, माय, आणि पास व्हायला लागल्याचं समाधानही वाटत होतं. त्या पोराला संशय आला. तो दार उघडून आत आला, माझी खुर्ची फिरवली आणि म्हणाला, "ताई, माह्याकडे नका पाहू. भिंतीकडे तोंड करा." मग भिंत होती फक्त. मी बटणावर बोट ठेवून बसले आणि काही म्हणजे काही आलं नाही. किती वेळ गेला कळलं नाही. त्यानं येऊन खांद्याला हात लावला तेव्हा कळलं की तपासणी संपली होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मोठ्या आवाजात काम करता का?" मी म्हटलं, लहानपणी गिरणी, मोठेपणी हेडफोन. वरचे, बारीक आवाज गेलेत म्हणाल्या, ते परत येत नाहीत, राहिलेत ते जपा. मला ऐकू यावेत म्हणून मी गाण्यांतले ते आवाज वाढवत वाढवत नेले होते आणि मला वाटत होतं, आत्ता कुठे बरोबर झालं. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून हिशेब करत होते की हे कोणाकोणाला कळेल. कान गेलेल्या बाईला कोण काम देतं? आणि शुक्रवार तर तोंडावर आलेला.

काल दुपारी भाचीला पुन्हा गिरणीत बसवलं. तिला सांगितलं, टोचलं की अंगठा-बोट चोळ, बरं झालं की मूठ दाखव. म्हणाली, "खुणा कायले? तोंड आहे ना मले." मी म्हटलं, नको, तोंड बंद ठेव. पहिल्याच गाण्याला तिचं अंगठा-बोट थांबेचना. मी ते आवाज उतरवत गेले, आणखी उतरवले, आणखी. शेवटी तिनं मूठ दाखवली आणि मान डोलवत बसली, खरंच आवडल्यासारखी. मग मी ऐकलं. मला ते गाणं भिंतीच्या बारदानामागून आल्यासारखं वाटलं, मेलेलं. विहारातल्या गाण्यात मागून येणारा तो दुसरा सूर तर मला ऐकूच आला नाही. मी विचारलं, "मागून काही येतंय का?" तिनं हसून मूठ दाखवली. माय, जगाला जे बरोबर वाटेल ते मला आता कधी ऐकू येणार नाही. मी जिवापाड केलेली गाणी मला एका पोरीच्या मुठीवर विश्वास ठेवून सोडून द्यायची आहेत. आणि तेव्हा मला पहिल्यांदा सुचलं, तुलाही असंच वाटत होतं का? पोत्यावर पोरगी बसली आहे, तिचं लक्ष अर्धं बाहेर आहे, ती चुकली तर गाव दारात येईल, आणि तरी तू चाक फिरवत होतीस. मी माझ्या ताठ्यात होते. तू घाबरलेली असशील असं मला कधी वाटलंच नाही. काल मला तुझी इतकी आठवण आली की काम थांबवून ओट्यावर बसावं लागलं.

नऊच्या नऊ गाणी तिच्या मुठीनं झाली. पुण्याच्या मित्राला कळवलं, थांब, नवीन पाठवते, लाइट नसल्यामुळे मागच्या वेळी नीट ऐकता आलं नव्हतं. लाइट होती. त्याला खरं सांगायचं धाडस व्हायचं आहे, आणि नाही झालं तर हीही गाणी तशीच जातील, मला मेलेली आणि त्याला कदाचित जिवंत.

हा कागद कुठं जाणार नाही. ओट्यावर डावा स्पीकर डुगडुगतो, त्याच्याखाली घडी करून घालीन. एकच सांगायचं राहिलं. काल भाची निघाली, दारात पाठमोरी वाकून चपला घालत होती, आणि तिनं काहीतरी विचारलं. तोंड दिसत नव्हतं. मी "हाव" म्हणाले. तिनं वळून माझ्याकडे नीट पाहिलं आणि ती गेली. काय विचारलं तिनं, मला ठाऊक नाही. उद्या येऊ का, असं असेल. आत्या, तुले खरंच ऐकू येत नाही का, असंही असेल, आणि तसं असेल तर तिला माझं उत्तर मिळालंय.