एक ठोका जास्त

१२ ऑक्टोबर १८४६, स्कार्थवेट

आलो एकदाचा! गाडीवानाने माळावर उतरवलं तेव्हा वारा असा की टोपी धरू की ट्रंक धरू, कळेना. पण मी आपला वेड्यासारखा हसतोय. का नाही हसणार? आठ वर्षं दुसऱ्यांच्या पुलांचे नकाशे काढले, खाली सह्या त्यांच्या. दोनदा बढती तोंडाशी आली आणि दोन्ही वेळा कुणाच्या तरी भाच्याने पळवली. आता मात्र ऑफिसच्या दारावर पाटी आहे: लँबर्ट थर्कल, इंजिनियर, पूर्व तोंड.

बोगदा डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खोदला जातोय. मुख्य इंजिनियर ऑस्गुडसाहेब निघताना म्हणाले, तीस नोव्हेंबरच्या आत दोन्ही खोदाया आत भिडवून दाखव, पुढची अख्खी रेल्वे लाइन तुझी. नाही जमलं तर नकाशांच्या टेबलाशी तुझं स्टूल आहेच. हे शेवटचं त्यांनी हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

बिऱ्हाड मिसेस ओल्डरॉइड नावाच्या विधवेकडे. बाई स्वच्छतेची भोक्ती आणि तोंडाची फटकळ. ओटची भाकरी मी उलटसुलट करून पाहत होतो, तर म्हणाली, साहेब, ती खायची असते, मोजायची नसते. छान जमणार आमचं.

१४ ऑक्टोबर

मुकादम एब्नर सगडन मला आत घेऊन गेला. सगळ्यात पुढच्या टोकाला सात माणसं काम करतात. हजेरीसाठी खरी नावं विचारली तर सगळे खो-खो हसायला लागले. इथे टोपणनाव हेच नाव. लाल्या, सुकट, दोन-टोप्या, असं काहीबाही. एकजण दिवसाकाठी तीन शब्द बोलतो, म्हणून त्याचं नाव पाद्री!

या पाद्रीचं एक काम मला फार आवडलं. पाळी सुरू झाली की तो पहार खडकाला टेकवतो आणि घणाने ठोके देतो. आत जितकी माणसं, तितके ठोके. पलीकडची पश्चिमेची टोळी ऐकते आणि ऐकले तितकेच परत करते. याचा अर्थ, तुमचा आकडा पोचला. सुरुंग उडवताना समोर किती जीव आहेत हे दोघांनाही ठाऊक असावं, म्हणून ही रीत. आज त्याने सात दिले. सगळे श्वास रोखून उभे. मग डोंगराच्या पोटातून अगदी बारीक सात आले. आनंदाने अंगावर काटा आला माझ्या.

२३ ऑक्टोबर

दिवसाला सहा फूट पुढे सरकायला हवं, सरकतोय जेमतेम चार. सगडनला छताखाली दर चार फुटांवर लाकडी टेकू हवेत आणि त्यातच अर्धा दिवस जातो. मी म्हटलं, आठ फुटांवर लावा. तो म्हणाला, डोंगराला तुमची तारीख कुणी सांगितलेली नाही, साहेब. उद्धट मेला! ऑस्गुडसाहेबांचं पत्र आलं, एका ओळीचं: पश्चिम तुमच्या पुढे आहे. शेवटी आठ फुटांवरच लावायला लावले. याला साहेब मी आहे की तो?

३० ऑक्टोबर

सकाळी दहाच्या सुमारास डाव्या बाजूचा खडक घसरला. सहाजण बाहेर पडले. पाद्री मागे राहिला.

मधला रस्ता सुदैवाने मोकळा आहे. पण पाद्रीपर्यंत पोचायचं तर ती ढासळलेली बाजू पूर्ण उपसावी लागेल. सगडन म्हणतो दहा दिवस. दहा दिवस गेले तर सगळंच गेलं. आणि त्याखाली माणूस वाचतो थोडाच?

दगडांमागून एक ठोका आला. बऱ्याच वेळाने पुन्हा एक. सगडनने डोक्यावरची टोपी काढली. म्हणाला, साहेब, तो सांगतोय, एकटाच आहे. मी म्हटलं, खडक बसतोय, त्याचा आवाज, दुसरं काही नाही. गवंडी बोलावले आणि ती बाजू विटांनी बंद करायला सांगितली. छत सांभाळायचं तर तेच योग्य होतं. कुठल्याही इंजिनियरने तेच केलं असतं.

३१ ऑक्टोबर

दुपारी भिंत झाली. तोवर अधूनमधून खडक बसतच होता.

घरच्यांना कळवायचं, तर त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. चला, एका पत्राचा त्रास वाचला. हे लिहून पुन्हा वाचलं आणि खोडावंसं वाटलं. पण शाई वाळली होती.

३ नोव्हेंबर

आता ठोके द्यायचं काम सुकटकडे. त्याने सहा ठोके दिले, पलीकडून सात आले. पश्चिमेच्या गाढवांना मोजता येत नाही.

५ नोव्हेंबर

आजही सहाला सात! माणसं एकमेकांकडे बघत बसली, अर्धा तास फुकट. पश्चिमेचे इंजिनियर मि. क्रॉस्थवेट यांना खरमरीत पत्र धाडलं.

७ नोव्हेंबर

क्रॉस्थवेटचं उत्तर. काय तोरा! माझा मुकादम ऐकतो तितकेच ठोके परत करतो, तुमच्याकडून सात येतात म्हणून सात जातात, आपली माणसं आपण मोजावीत, वगैरे. आज मी सुकटच्या शेजारी उभं राहून मोजले. सहा. सहाच.

आले सात.

१० नोव्हेंबर

एकाला मुद्दाम बाहेर काढलं. पाच दिले, सहा आले. लाल्या तिथल्या तिथे काम टाकून गेला. सगडन म्हणाला, पश्चिमेचं काही चुकत नाही, साहेब. पाद्री अजून टोळीत आहे आणि तो स्वतःला धरून मोजतोय. मी खच्चून ओरडलो त्याच्यावर. आवाज बोगद्यात फार वेळ घुमला.

१४ नोव्हेंबर

टोळीने बैठक मारली. म्हणणं एकच: भिंत फोडा, त्याला बाहेर काढा, मातीत नीट ठेवा, मग आम्ही हात लावू. अवघे वीस यार्ड उरलेत! सोळा दिवस आहेत हातात, त्यातले दहा एका प्रेतापायी घालवू? आठ वर्षं कशासाठी खस्ता खाल्ल्या मी? रडू येतं संतापाने. ऑस्गुडसाहेब अठराला दुपारी स्वतः येतायत. काम बंद दिसलं की स्टूल.

१७ नोव्हेंबर

मिसेस ओल्डरॉइड आज भांडायलाच आली. पाहुणा आणायचा तर आधी सांगत जा, म्हणे, जिन्यावर दोन जोडी बुटांचा चिखल कितीदा पुसू मी? कसला पाहुणा, म्हटलं. ती माझ्या मागे बघत राहिली. मग फडकं घेऊन आली.

झोप नाही. जेवण नाही.

१८ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ

एकटाच आत आलोय. टोळी तोंडाशी बसलीय, यायला तयार नाही. मी एक ठोका देणार, पलीकडून एकच येणार, आणि साहेब यायच्या आत या मूर्खांची तोंडं बंद. वही गुडघ्यावर, मेणबत्ती शेजारी.

ठोकला. एक.

आले दोन.

दहा वाजता

पुरे झालं. भिंत फोडतो. मेलेला माणूस ठोके देत नाही. त्याचे पाय धरून ओढत नेतो त्यांच्यासमोर—

विटा सैल आहेत. चुना ओलाच— आत सरपटत जाण्याइतकी जागा आहे—

घण आहे इथे. पहार आहे. तो नाही.

तो नाही—

वेळ कळत नाही

माझ्या मागे छत आलं खाली. पायावर दगड आहे. हात चालतात. मेणबत्ती बोटभर.

बाहेर माणसं! सगडनचा आवाज. घण हातात आहे— ठोकतो. एकच ठोकायचा. एकटा आहे, असं कळेल त्यांना—

ठोकला.

शेजारी, अगदी कानाशी, आणखी एक—

मी नाही. दुसरा मी नाही दिला—

सगडन ओरडतोय. दोन, साहेब, दोन! आत दोघं आहेत! मग ऑस्गुडसाहेब. आवाज स्पष्ट येतोय. किती दिवस लागतील, विचारतायत. सगडन म्हणतो दहा.



ठोकतोय मी— ठोकतोय— प्रत्येक वेळी शेजारून—

साहेब म्हणतायत, खडक बसतोय—

विटेवर थापी— हा आवाज मला माहीत—