गार इंजिनाचं दुखणं

प्रिय काटेवाले,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका. सगळं ठीक आहे, कुणी आजारी नाही, कुणी भांडलेलं नाही. फोन करायचा म्हणून दोनतीनदा उचललाही, पण फोनवर आपण दोघं 'बरं आहे ना' आणि 'हो, बरं आहे' यापुढं आजवर कधी सरकलेलो नाही. साडूला साडू म्हणतात, व्याह्याला व्याही म्हणतात. पण आपल्या आधीच्या बायकोच्या आत्ताच्या नवऱ्याला काय म्हणायचं, हे कुणी ठरवून ठेवलेलं नाही. म्हणून मी आपला तुम्हाला तुमच्या धंद्यावरून काटेवाले म्हणतो. दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत हिंडणाऱ्या माणसाला शोभतंही ते. तुम्ही कधी हरकत घेतली नाहीत, म्हणून इथंही तेच लिहिलं.

मागच्या महिन्यात रजा टाकून तुमच्याकडे आलो, तो खरं म्हणजे गाडी विकायलाच आलो होतो. पोरीला नोकरी लागली तेव्हा माझी जुनी गाडी मीच तिला दिली होती. गाडी म्हातारी असली तरी मी ती तळहाताच्या फोडासारखी जपलेली. आणि पोरीचं कामही असं, की गाडीशिवाय चालायचं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जायचं, त्यांचे हातपाय हलवून घ्यायचे, त्यांना पुन्हा उभं करायचं. ही माणसं राहतात टेकडीवर, बोळात, गावाबाहेरच्या वस्त्यांवर. गाडीत इंजिनाच्या दोषाचा तो पिवळा दिवा पेटायला लागल्यापासून पोरीचा जीव टांगणीला लागला होता. पिकअप जायचा, ॲव्हरेज पडलेलं, मागून काळा धूर. एकदा चढावर गाडी अशी गचके खायला लागली, की वर वाट बघत बसलेल्या शिंप्याकडे ती पोचलीच नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्या माणसानं नुकतीच पुन्हा कात्री धरायला सुरुवात केली होती. त्या दिवशी ती फोनवर रडली नाही, पण आवाज असा कोरडा होता की रडली असती तर बरं, असं मला वाटलं. वर प्रदूषण तपासणीची तारीख तोंडावर आलेली. तिच्यात नापास झाली तर गाडी रस्त्यावर आणायची सोय नाही.

गॅरेजवाल्यांनी काय केलं ते तुम्हाला माहीतच आहे. स्कॅनर लावला, ऑक्सिजन सेन्सरचा दोष दाखवला, सेन्सर बदलला. चार दिवस बरे गेले, की पुन्हा दिवा. दुसरा गॅरेजवाला, पुन्हा नवा सेन्सर, पुन्हा तेच. मी इतकी वर्षं बस चालवतोय, डेपोतल्या फिटर लोकांत उठबस आहे, तरी माझंही मत हेच, की जुनी गाडी म्हटल्यावर एकदा वायरिंगला कीड लागली की ती संपली; विकून मोकळं व्हावं. तुमच्या अंगणात गाडी उभी करून मी हे ठणकावून सांगितलं, तेव्हा तुम्ही वाद घातला नाहीत. हात पुसत बाहेर आलात आणि म्हणालात, 'विकायची तर विकू. पण आधी तो बिचारा सेन्सर काय सांगतोय ते तरी ऐकू या.'

खरं सांगू, मला हसू आलं होतं. म्हटलं, भाजीबाजारातले काटे तपासणारा माणूस आता इंजिनाची नाडी बघणार! पण तुम्ही ते छोटं यंत्र स्टिअरिंगखाली लावून पोरीला ॲक्सिलरेटर हलकेच दाबायला सांगितलंत, आणि पडद्यावरची रेघ कशी झपाझप वरखाली होते ते मला बोलावून दाखवलंत. जो काटा इतका चटकन हलतो तो मेलेला नसतो, हे तुमचं म्हणणं. दुकानदार नेहमी आधी काट्यालाच शिव्या देतो, म्हणालात, पण निम्म्या वेळा काटा खरं बोलत असतो आणि घोळ मालात असतो. धुरात उरलेली हवा मोजणं एवढंच त्या सेन्सरचं काम. तो सांगतोय हवा जास्त आहे, म्हणून इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, म्हणून धूर काळा. मग सेन्सर बदलण्यापेक्षा ही जादा हवा येते कुठून, ते शोधायला नको का? दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं इतके महिने चाललं होतं आणि ते आम्हां कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तरीही मी मनातून तुमच्या बाजूचा झालो नव्हतो. तो झालो दुसऱ्या दिवशी, तुमचं चुकलं तेव्हा. सेन्सरची वायर एका ठिकाणी घासून सोललेली तुम्हाला सापडली. ती नीट जोडलीत, गरम पाईपपासून लांब बांधलीत आणि आनंदानं जाहीर केलंत की चोर सापडला. पोरीच्या आईनं सगळ्यांना चहा दिला. आम्ही गाडी फिरवून आलो, दिवा नाही. आणि सकाळी पोर कामाला निघाली ती कोपऱ्यावरूनच परत. दिवा! पहिले पाढे पंचावन्न. मी तुमच्याकडे बघत होतो, आता हा माणूस काय करतो ते. मी डेपोत मोठमोठे फिटर पाहिलेत. अशा वेळी ते स्पेअर पार्टला शिव्या घालतात, गाडी चालवणाऱ्यावर ढकलतात, काही नाही तर हवामानावर घालतात. तुम्ही, पाणी मागावं इतक्या साधेपणानं म्हणालात, 'माझं चुकलं. वायर खराब होती, पण दोष तिचा नव्हता. पुन्हा पहिल्यापासून.' त्या वाक्यानं तुम्ही मला जिंकलंत, काटेवाले.

आणि मग तुम्ही जे केलंत ते एकाही गॅरेजवाल्यानं केलं नव्हतं, मीही केलं नव्हतं. तुम्ही पोरीला विचारलंत. पायरीवर बसून, चष्मा काढून, नुसतं ऐकत राहिलात. दिवा नेमका कधी लागतो, आधी आवाज कसा येतो, वास येतो का, उतारावर की चढावर. ती चाचपडत बोलत होती, मध्येच 'तसं काही नक्की नाही सांगता येत' म्हणत होती, आणि मी दोनदा मध्ये तोंड घातलं तर तुम्ही हातानंच मला थांबवलंत. त्यातूनच निघालं, की दिवा बहुतेक सकाळीच लागतो, पहिल्या पेशंटकडे जाताना, आणि तेव्हा बॉनेटखालून बारीक टकटक ऐकू येते ती थोड्या वेळानं विरून जाते. तिला वाटलं होतं, जुन्या गाडीत काहीतरी टकटकायचंच. तुम्ही मात्र ताडकन उठलात. गॅरेजपर्यंत गाडी जाते ती तापूनच जाते, म्हणालात. गार इंजिन आजवर कुणी बघितलंय का?

कुणीच बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीची ती सकाळ मी कधीच विसरणार नाही. गाडी रात्रभर शेडमध्ये गार पडलेली. तुम्ही घरातला व्हॅक्यूम क्लीनर आणून त्याची नळी उलट्या तोंडाला लावलीत, म्हणजे ओढायच्या ऐवजी तो हवा फुंकेल, आणि ती नळी सायलेन्सरमध्ये खुपसून भोवती फडकं कोंबलंत. मग वाटीत साबणाचा फेस करून, दाढीच्या ब्रशानं, स्वतःच्या दाढीच्या ब्रशानं, इंजिनापासून येणाऱ्या पाईपला फासायला लागलात. पोरीची आई दारात उभी राहून म्हणाली, 'गाडीची दाढी झाली की घरच्या माणसाचीही होऊ दे.' आम्ही सगळे हसलो. तिच्या हसण्यात मीही मोकळेपणानं हसलो, असं किती वर्षांनी झालं असेल! आणि हसता हसता पोरच ओरडली, 'बुडबुडे!' पाईप जिथं इंजिनाला जोडलाय, तिथं सेन्सरच्या अलीकडेच, सांध्याच्या मागच्या अंगाला बुडबुड्यांची माळ फुटत होती. आरसा धरून बघितलं तर एक बोल्ट मुळातून तुटलेला, आतलं पॅकिंग जळून गेलेलं. लोखंड गार असताना तिथं फट राहते, बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर प्रामाणिकपणे सांगतो की हवा जास्त आहे. इंजिन तापलं की लोखंड फुगतं, फट मिटते, टकटकही थांबते. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत दुखणं गायब! तुम्ही ते पोरीला समजावून सांगत होता आणि ती तुमच्याआधीच पुढचं वाक्य बोलत होती. मी बाजूला उभा राहून तुम्हा दोघांकडे बघत होतो.

पुढचं काम तुम्ही माझ्याकडे सोपवलंत, तेही माझ्या लक्षात आहे. तुटलेल्या बोल्टाचा बोटभरही नसलेला तुकडा आत गंजून बसलेला. तुमचे हात नाजूक कामाचे. तो तुमच्याच्यानं हलेना. तुम्ही सरळ पाना माझ्या हातात दिलात आणि विचारलंत, डेपोत असं काही अडलं तर काय करतात? मग मी आमच्या म्हाताऱ्या फिटरची युक्ती केली. त्या तुकड्याभोवतीचं लोखंड गॅसच्या टॉर्चनं लाल होईस्तोवर तापवायचं, आणि जरा निवत आलं की मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून बोल्टाच्या आट्यांत शिरतं. दोनदा फसलं, हात भाजला, माझ्या तोंडून पोरीसमोर येऊ नयेत ते शब्द आले. तिसऱ्यांदा तो तुकडा कुरकुरत फिरला. तुम्ही बाकीचं सगळं विसरून टाळ्याच पिटल्यात! तुमच्यासारखा माणूस माझ्या कामाला टाळ्या वाजवतो म्हटल्यावर मी त्या दिवशी भाजलेल्या हातावर फुंकर मारत नुसता मिरवत होतो. नवं पॅकिंग बसलं, नवे बोल्ट बसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडी सुरू झाली ती माझ्या तरुणपणी चालायची तशी, गुपचूप. दिवा नाही, टकटक नाही. तपासणीत पास झाल्याचं सांगायला पोरीचा फोन आला तेव्हा आपण दोघं शेडमध्ये हत्यारं पुसत होतो. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. मी पुसून झालेलाच पाना पुन्हा पुसायला घेतला.

मी परत आलो, पुन्हा ड्यूटीवर लागलो. डेपोत सगळ्यांना ही गोष्ट सांगून झाली. आमचा फोरमन तर म्हणाला, त्या माणसाला इथं बोलवा, अर्ध्या बसगाड्या गार करून बघायला लावू. पोरगी सांगते की शिंप्यानं आता कापड कापायला घेतलंय. पहिलाच सदरा एका बाजूनं आखूड झाला, तरी तिनं तो स्वतःसाठी मागून घेतला. हे सगळं खरं तर तुम्हाला तिनंच सांगितलं असेल.

एक गोष्ट मात्र तिनं तुम्हाला सांगितलेली नाही. परवा दुपारी तिचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलत राहिली, मला कळेना पोरगी घुटमळतेय कशाला. शेवटी म्हणाली, शिंप्याच्या घरी गाडीची गोष्ट सांगताना तिच्या तोंडून निघून गेलं, 'आमच्या बाबांनी शोधून काढलं.' लहानपणापासून ती तुम्हाला काका म्हणत आली. तोंडून शब्द गेला तेव्हा तिलाही कळला नाही. घरी येताना कळला आणि तिनं गाडी कडेला घेतली. मला म्हणाली, 'अप्पा, पुन्हा तसं म्हटलं तर तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?' काटेवाले, बस चालवताना मी कधी कुणाला न बघता रस्ता दिलेला नाही, पण तिला मी क्षणाचाही विचार न करता 'नाही' म्हणालो. फोन ठेवल्यावर पुन्हा नीट विचार केला, आणि तरीही उत्तर तेच होतं. ती मला अप्पा म्हणते. बाबा हा शब्द तिच्याकडे तसाच पडून होता, आणि ज्या माणसानं तिला विचारून, ऐकून घेऊन तिचं म्हणणं खरं धरलं, त्याला तो शोभेल. हे पत्र एवढ्यासाठीच, की तुम्ही माझा विचार करून मागं सरू नये. तुम्ही तसे आहात, हे मी आठवडाभर पाहिलंय. ती एकदम, काहीतरी फालतू कामाच्या वेळी म्हणेल. 'बाबा, किल्ली कुठं ठेवलीत?' असं काहीतरी. तेव्हा दचकू नका, डोळे पुसू नका, माझं नाव काढू नका. किल्ली कुठं आहे तेवढं सांगा.

तुमचाच,
तिचा अप्पा