मांगराचा वास

लिस्बन, सोमवार

आई,
इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. लॅबमधलं काम सुरळीत चाललंय, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

फोनवर तू म्हणालीस, "बापाने रिचवलंन ते पुरं नाय झालं काय गो, आता तू?" म्हणून नीट सांगते. रविवारी आम्ही काही हौशी लोक निरनिराळ्या प्रांतांतल्या वाइन चाखतो. घोट तोंडात फिरवायचा, वास आणि चव सांगायची, मग थुंकायचा. पीत कोणी नाही.

काल डोंगराळ भागातली वाइन होती. बाकीच्यांना तिच्यात चेरीचा वास आला. मला ओली गोणपाटं, पेंढा आणि रॉकेल. आपला बागेतला मांगर, ती राखणीची झोपडी, जिथे बाबा लपून प्यायचे आणि जिथे त्या सकाळी ते आपल्याला गेलेले सापडले.

बुचाचा दोष असेल म्हणून मी दुसरी बाटली उघडायला लावली. तोच वास. मग समुद्राकाठची चाखली, मग बेटावरची. त्यांतही तोच. बाकी कोणालाच तो येत नव्हता. म्हणजे तो वाइनमध्ये नाही, माझ्याबरोबर इथे आलाय.

माझ्या पाठचा विनीत हल्ली आंब्यांच्या राखणीला मांगरात एकटाच झोपतो, असं तू सहज बोलून गेलीस. सकाळी घरी येतो तेव्हा त्याच्या तोंडाला वास येतो का, हे तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. आता विचारते.

उत्तर काहीही असो, त्याला आजपासून घरात झोपव. आंबे चोरीला गेले तर जाऊ देत.

तुझी,
दीपाली