छंद : निरंक

प्रिय राकेश,

तुला आणि मला, आपल्या दोघांनाही लहानपणी हातात चेंडू दिसला की 'रिकामटेकडे' ऐकावं लागायचं. तू चिडून गच्चीवर जाऊन बसायचास. आज तेच तू साक्षीला ऐकवतोस, म्हणून मी संतापले आहे.

काल तिच्या शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला मी बरोबर गेले होते. अर्ज तू भरला होतास. 'छंद' या रकान्यात तुझ्या वळणदार कारकुनी अक्षरात लिहिलं होतंस : निरंक. ऑफिसात रकाना रिकामा दिसला की तुझा हात आपोआप तेच लिहितो, ठाऊक आहे मला. पण अरे, ती तुझी मुलगी आहे, मासिक अहवाल नव्हे! दार उघडंच होतं. आतल्या मॅडमनी विचारलं, तुला काय चांगलं जमतं? साक्षी खाली बघत म्हणाली, "काही नाही."

हीच ती मुलगी! ती नववीत असताना इंदिरानगरच्या हॉलमध्ये कॅरमच्या डावात शेजारचा सनी तिला चिडवत होता, "राणी घेशील गं, कव्हर कोण करणार, तुझे पप्पा?" तिने रिबाउंडवर राणी घेतली, कव्हर केली आणि त्याला म्हणाली, "तू पावडर टाक." त्याच वर्षी ती वर्गातही हात वर करू लागली होती. बीजगणित अडलं तर म्हणायची, थांब आत्या, कोन बदलून बघते. हे धाडस चुकलेला नेम पुन्हा पुन्हा लावण्यातून आलं होतं. दहावीच्या नावाखाली तू कॅरम बोर्ड कुणाला तरी देऊन टाकलास. मार्क वाढले, कबूल. मुलगी मात्र आक्रसली.

तू म्हणशील, ताई, तूच तर सांगितलंस. हो. म्हणूनच हे पत्र. दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या सभेत मी माईकवर गरजले होते, "खेळ बंद करा, पुस्तकं उघडा!" पहिल्या रांगेत तू टाळ्या वाजवत होतास, आणि दुसऱ्याच दिवशी बोर्ड गेला. शेकडो लोकांनी ऐकलं आणि सोडून दिलं. अमलात आणलं ते तू एकट्याने. पुस्तकांवरचा माझा विश्वास तसूभर ढळलेला नाही, पण त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग चूक होता. येत्या जयंतीला त्याच माईकवर तो मागे घेईन. साक्षीला मात्र तोवर ताटकळत ठेवता येणार नाही. सोबत पिंपळगाव बसवंतच्या कॅरम स्पर्धेचा अर्ज आहे. तिने अजून हो म्हटलेलं नाही; "आधी पप्पांना विचार" एवढंच म्हणाली. शुक्रवारच्या आत पालकाची सही कर, आणि अर्ज स्वतः तिच्या हातात दे.

चुकलेली, तरीही तुझीच,
सुवर्णाताई